खचणार हे ठाऊक होतं, तर किती आणि कधी तेही सांगा

प्रति,
मुख्य अभियंता आणि नगररचना विभाग,
आमच्या नोडचे नियोजन प्राधिकरण, नवी मुंबई

विषय: भराव जमिनीवरील सोसायट्यांना आलेले परिपत्रक आणि शेजारच्या भूखंडावरील शाळेचे काम

महोदय, महोदया,

आपल्या कार्यालयाचं परिपत्रक आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागलं आहे. त्यातलं एक कलम म्हणतं की भराव जमिनीचं खचणं ही नैसर्गिक प्रक्रिया आहे, तिला प्राधिकरण जबाबदार नाही, आणि सोसायट्यांनी सांडपाण्याच्या जोडण्या, आवारातली फरसबंदी आणि कंपाउंड वॉल स्वखर्चाने दुरुस्त करून घ्यावी. यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे. पुढची दोन त्यातून निघतच नाहीत. अर्ज देऊन झाले. पोच मिळते, उत्तर मिळत नाही. म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते सगळ्यांना वाचता येईल असं.

मी या नोडमध्ये फ्लॅट घेऊन राहणारी एक सभासद. माझी नोकरी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत झाली. उरण, उलवे, द्रोणागिरीपासून वाशी-कोपरखैरण्यापर्यंतची खाडीची माती माझ्या हाताखालून गेली आहे. बोअरहोलमधून, म्हणजे जमिनीत खोल पाडलेल्या भोकातून, पातळ नळीत भरून आलेला नमुना बाहेर काढला की काळपट करडा, लोण्यासारखा मऊ लगदा निघायचा, त्यात शिंपल्यांचे तुकडे, आणि खोलीभर खाडीचा वास. त्यातली वीस मिलिमीटर जाडीची चकती पितळी कड्यात बसवायची, खाली-वर सच्छिद्र दगड ठेवायचे, दांडीला वजन टांगायचं आणि डायल गेजचा काटा वाचत बसायचं. पंधरा सेकंद, एक मिनिट, सव्वादोन मिनिटं, चार मिनिटं, असं करत चोवीस तास. दुसऱ्या दिवशी वजन दुप्पट. खचण्याला नैसर्गिक म्हणून हात झटकणाऱ्यांनी एकदा तो काटा बघावा. माती किती बसेल आणि कधीपर्यंत बसेल, हे तो आधीच सांगतो.

ही प्रक्रिया काय आहे ते आपल्या विभागातल्या अभियंत्यांना मी सांगायची गरज नाही. पण हे पत्र आमचे शेजारीही वाचणार आहेत आणि परिपत्रक त्यांच्या नावाने आलं आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

खाडीकाठची चिकणमाती पाण्याने तुडुंब असते. तिच्यातल्या पाण्याचं वजन सुक्या मातीच्या वजनाच्या जवळपास भरणं, यात आम्हाला प्रयोगशाळेत काही नवल वाटत नसे. अशा मातीवर भराव टाकला की सुरुवातीला ते ओझं मातीचे कण उचलत नाहीत, पाणी उचलतं. पाणी आकसत नाही, त्यामुळे त्याचा दाब वाढतो आणि वाट मिळेल तिकडे ते झिरपू लागतं. जितकं पाणी बाहेर पडेल तितकं ओझं कणांवर येतं, कण जवळ सरकतात, जमीन खाली बसते. पाण्याचा वाढलेला दाब उतरला की मुख्य खचणं संपलं. त्यानंतरही माती थोडी थोडी बसत राहते, पण तो भाग तुलनेने लहान. कार्ल टर्झागी या अभियंत्याने इस्तंबूलला शिकवत असताना हे गणितात बसवलं, त्याला आता शंभर वर्षं होऊन गेली. घरी श्रीखंडासाठी चक्का बांधणाऱ्यांना यातलं निम्मं तरी पटेल: वर वजन ठेवलं तरी पाणी त्याच्या वेळेनेच गळतं, आणि गोळा मोठा असेल तर रात्रभरही पुरत नाही.

हा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाण्याला बाहेर पडायला दुप्पट अंतर कापावं लागलं, तर वेळ चौपट. प्रयोगशाळेतल्या वीस मिलिमीटरच्या चकतीतून पाणी वर-खाली दोन्हीकडे निघतं, म्हणजे त्याला फार तर दहा मिलिमीटर जायचं असतं. तिथे नव्वद टक्के खचणं वीस मिनिटांत झालं असं धरा. आता भूखंडाखाली हीच माती दहा मीटर जाड आहे आणि तिथेही पाणी दोन्हीकडे निघतं. अंतर पाच मीटर झालं, म्हणजे पाचशे पट. पाचशेचा वर्ग अडीच लाख. वीस मिनिटांना अडीच लाखांनी गुणा: साडेनऊ वर्षं. खालचा खडक पाणी घेणारा नसेल आणि पाणी फक्त वरच निघत असेल, तर अडतीस वर्षं. हे आकडे उदाहरणाचे आहेत, प्रत्येक भूखंडाचे वेगळे येतील. पण ते काढता येतात, एवढंच मला दाखवायचं आहे.

आता किती बसेल ते. तीन मीटर मुरमाचा भराव म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर साडेपाच टनांच्या आसपास ओझं. राहत्या इमारतीचा एक मजला चौरस मीटरला साधारण एक ते सव्वा टन भरतो. म्हणजे कोणी वीटही रचलेली नसताना, निव्वळ भरावाने त्या चिखलावर चार-पाच मजली इमारत उभी केली. दहा मीटर मऊ मातीवर एवढं ओझं आलं तर हिशेब एक मीटरच्या पुढेही जातो. भारतीय मानक १९०४ मध्ये अशा मऊ चिकणमातीवरच्या सुट्या पायाला ७५ मिलिमीटर आणि राफ्टला, म्हणजे इमारतीखालच्या सलग पायाला, १०० मिलिमीटर खचण्याची मुभा आहे. या दोन आकड्यांमधलं अंतर ज्याला माहीत आहे, तो अभियंता 'नैसर्गिक प्रक्रिया' असं लिहून सही कशी करतो, हे मला कळत नाही.

पूर्वीच्या लोकांनी हे गणित केलं नव्हतं, पण गावठाणं उंचवट्यावर वसवली. खाजणात भात लावला, मीठ पिकवलं, बांध घालून उघाड्या, म्हणजे पाणी सोडायच्या झडपा, सांभाळल्या. त्या जमिनीवर शहर वसवायचं ठरवलं ते आपण. ठरवलं ते चूक होतं असं मी म्हणत नाही, मीही त्याच शहरात फ्लॅट घेतला आहे. पण ज्याने चिखलावर ओझं टाकलं, त्याचा हिशेब त्यानेच द्यायला हवा.

आता तक्रारी.

पहिली तक्रार आमच्या आवाराची. इमारत पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर आहे, पाइल खडकापर्यंत गेले आहेत, त्यामुळे इमारत जागची हलत नाही. भोवतालचं आवार मात्र खाली चाललं आहे. जिन्यासमोर आम्हाला एक जादा पायरी बांधावी लागली, आणि आता तिच्याखालीही फट दिसू लागली आहे. जोत्याच्या कडेने बोट जाईल एवढी भेग आहे, तिच्यातून पावसाचं पाणी आणि उंदीर दोन्ही आत जातात. हे निदान डोळ्यांना दिसतं. खरं दुखणं जमिनीखाली आहे. बाथरूमचा पाइप भिंतीतून बाहेर पडतो तिथे तो इमारतीला घट्ट बांधलेला आहे आणि चेंबर भरावावर बसलेला आहे. एक टोक स्थिर, दुसरं खाली जाणारं, त्यामुळे सांधा निखळतो. पुढे चेंबर एकसारखे खचत नाहीत, कुठे कमी कुठे जास्त, त्यामुळे ड्रेनेज लाइनचा उतार उलटा होतो आणि तळमजल्याच्या संडासातून घाण वर येते. तळमजल्यावरच्या एका आजींनी पावसाळ्यात पाट लावून दाराशी उंबरा केला होता, पाणी बाहेरून आत येऊ नये म्हणून नव्हे, आतलं बाहेरच्या खोलीत जाऊ नये म्हणून. पाइपगॅसची लाइनही याच भरावातून जाते, हे लिहिताना माझा हात थबकतो.

परिपत्रकानुसार हा सगळा खर्च आमचा.

दुसरी तक्रार दुरुस्तीच्या पद्धतीची, आणि यात आपला रस्ते विभागही येतो. फरसबंदी खचली की पेव्हर ब्लॉक उचलतात, खाली मुरूम टाकतात, रोलर फिरवतात, ब्लॉक परत बसवतात. दिसायला छान. पण तो मुरूम म्हणजे खालच्या चिकणमातीवर आणखी ओझं. आणखी ओझं म्हणजे आणखी पाण्यावर दाब, आणखी खचणं. खड्डा भरला म्हणून पुढचा खड्डा तयार होतो आणि निविदा पुन्हा निघते. आणि रोलरचं काय? रोलर वरच्या भरावातली हवा काढतो. सात-आठ मीटर खालच्या चिखलातलं पाणी त्याला काढता येत नाही. हे दोन वेगळे विषय आहेत. आपल्या कागदांत मात्र दोन्हींना एकच 'भराव दाबून घ्यावा' पुरतं.

हे वाक्य मी मनाने लिहिलेलं नाही. शाळेच्या भूखंडाचा माती अहवाल माहितीच्या अधिकारात मागितला, तेव्हा आधी 'तांत्रिक बाब' म्हणून नकार आला आणि अपिलानंतर काही पानं हाती पडली. तीच माझी तिसरी तक्रार आणि सर्वात मोठी. अहवालात दोन बोअरहोल आहेत. चिकणमातीच्या थरात ठोकणीचे आकडे, म्हणजे सळई खाली जायला लागलेले हातोड्याचे घाव, शून्याच्या आसपास आहेत, म्हणजे सळई हातोड्याशिवाय स्वतःच्या वजनानेच खाली गेली. पुढे खडकापर्यंत पाइल घ्यावेत अशी शिफारस आहे, ती ठीकच. पण भारतीय मानक २७२०च्या पंधराव्या भागात सांगितलेली चाचणी, तीच कड्यातल्या चकतीची, ती कुठेच नाही. खचणं किती, किती काळात, याचा एक आकडाही नाही. मैदान, आवार, नाले, पाण्याची टाकी, प्रवेशाचा रस्ता या सगळ्यांसाठी एकच ओळ आहे: भराव योग्य प्रकारे दाबून घ्यावा.

त्या भूखंडावर उन्हाळ्यात डंपर लागले होते. मुरूम कमी, राडारोडा जास्त. विटांचे तुकडे, टाइल्स, सळ्यांची टोकं, गोणपाट, सगळं आलं. एका बाजूने भराव एवढ्या झपाट्याने टाकला की पलीकडच्या कडेला चिखल फुगून वर आला आणि कडेची तिवरं आडवी झाली. मऊ मातीवर एकदम ओझं टाकलं की ती बाजूला सरकते, कारण पाणी बाहेर पडल्याशिवाय तिला ताकद येत नाही. म्हणून भराव थराथराने आणि मध्ये थांबून टाकायचा असतो. पिसाचा मनोरा यासाठी बघण्यासारखा आहे. ११७३ साली काम सुरू झालं आणि नंतर दोनदा मोठे खंड पडले, त्यातला पहिला जवळपास शतकभराचा. त्या काळात खालची माती दबून थोडी घट्ट झाली. माती अभियांत्रिकीतल्या लोकांचं मत आहे की सलग बांधला असता तर तो तेव्हाच कोसळला असता. तिथे माणसं लढायांमुळे थांबली, आपल्याला कोणी लढाई करायला सांगत नाही, नुसतं वेळापत्रक सांभाळायचं आहे.

आपल्या फलकावर मात्र पावसाळा संपताच पाइलिंग सुरू होईल असं लिहिलं आहे.

शाळा हवी आहे. आमच्या नोडमधली मुलं रिक्षातून हायवे ओलांडून जातात, आणि हे पत्र वाचून कोणी म्हणेल की ही बाई शाळेच्या आड येते आहे, तर ते खोटं आहे. माझं म्हणणं क्रमाचं आहे. आधी पाइल ठोकले आणि मग भोवतालची माती खचत राहिली, तर ती खचणारी माती पाइलला धरून खाली ओढते. म्हणजे जी माती पाइलला आधार देईल असं आपण समजतो, तीच त्याच्यावर ओझं होऊन बसते. पाइलच्या मानकात, २९११ मध्ये, याचा विचार करायला सांगितलेलं आहे. त्या अहवालात त्यावर एक अक्षर नाही. आणि पाइल झाल्यावर शेजारी ओझं रचून जमीन सुधारायला जाल, तर बाजूला सरकणारा चिखल पाइलनाच आडवा ढकलेल. म्हणून जमीन आधी, पाइल नंतर. उलट क्रमाने केलं की सुधारायची वाट बंद होते.

वाट काय आहे हे आपल्याला माहीत आहे. पट्टीसारख्या, साधारण शंभर मिलिमीटर रुंद, चपट्या निचरा-पट्ट्या चिकणमातीत एक-दीड मीटर अंतराने उभ्या खोचायच्या, वर वाळूचा थर द्यायचा आणि त्यावर जास्तीचा भराव तात्पुरता रचायचा. पाण्याला आता पाच मीटर वर-खाली जायचं नसतं, अर्धा-पाऊण मीटर आडवं गेलं की पट्टी मिळते. अंतर दहा पटीच्या आसपास कमी झालं की वेळ जवळपास शंभराव्या हिश्श्यावर येतो. वर्षांचं काम महिन्यांवर येतं. अपेक्षित खचणं होऊन गेलं की जास्तीचा भराव काढून दुसऱ्या भूखंडावर न्यायचा. भारतीय मानक १५२८४चा दुसरा भाग, २००४ साली आलेला, याच पद्धतीचा आहे. खर्च होतो, मान्य. पण दर दोन-तीन वर्षांनी पेव्हर ब्लॉक उचलण्याचा आणि ड्रेनेज लाइन उकरण्याचा खर्च कोणी एकत्र मांडला आहे का? आम्ही आमच्या सोसायटीचा मांडला. मेंटेनन्सच्या पावतीत तो आता कायमचा रहिवासी झाला आहे.

चौथी गोष्ट थोडक्यात. शेजारच्या टॉवरच्या तळघर पार्किंगसाठी रात्रंदिवस पंप चालू होते. जमिनीतली पाण्याची पातळी एक मीटरने उतरली की तिच्याखालच्या मातीवर चौरस मीटरला जवळपास एक टन जादा ताण येतो, भराव न टाकताही. मेक्सिको सिटी भूजल उपसूनच खचली, काही भाग नऊ मीटरहून जास्त. आपल्या परवानगीत पंप किती काळ चालेल आणि शेजारच्या जमिनीची पातळी कोण मोजेल, याची अट नव्हती.

पाचवी तक्रार कायद्याशी जोडलेली आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा सेवांमधला दोष दाखवला, तर विकासकाने तो तीस दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा असतो. चांगली तरतूद आहे. पण चिकणमातीला ही मुदत ठाऊक नाही. पाइप निखळतो तो सातव्या वर्षी, उतार उलटा होतो तो नवव्या वर्षी. तेव्हा विकासक म्हणतो मुदत संपली, आपण म्हणता नैसर्गिक प्रक्रिया, आणि ज्याने फ्लॅट घेताना माती अहवालाचं पानही पाहिलेलं नाही तो कर्जदार पैसे भरतो. खचणं ज्या वर्षी व्हायचं आहे ते वर्ष आधी काढता येत असेल, तर भोगवटा प्रमाणपत्र देताना ते लपवून का ठेवायचं?

आमच्या सोसायटीतही हे पत्र लिहू नये असं म्हणणारे आहेत. "मॅडम, हे बाहेर कशाला, दर पडतील." त्यांची भीती मला समजते, कारण माझीही पुंजी याच भिंतींत आहे. पण घर बघायला येणाऱ्या माणसाला जादा पायरी दिसतेच. तो विचारतो आणि आमच्याकडे सांगायला आकडा नसतो, तेव्हा तो मनाने एक आकडा धरतो आणि तो नेहमी खऱ्यापेक्षा वाईट असतो.

खचणं जाहीर केल्याने कुठे आकाश कोसळत नाही. ओसाकाच्या खाडीत भराव टाकून बांधलेला कान्साई विमानतळ १९९४ साली सुरू झाला. त्याचं पहिलं बेट भराव सुरू झाल्यापासून सरासरी तेरा मीटरहून जास्त खचलं आहे. अपेक्षेपेक्षा जास्तच. वरच्या मऊ थरात त्यांनी वाळूचे निचरे घातले होते, तो थर लवकर बसला. त्याच्याखालचा खोल, जुना थर मात्र अजून बसतो आहे. पण टर्मिनलच्या खांबांखाली जॅक आहेत, ते गरजेप्रमाणे उचलतात, आणि खचण्याचे आकडे विमानतळ चालवणारी कंपनी स्वतःच्या संकेतस्थळावर टाकते. त्यांचा चिखल आपल्यापेक्षा सभ्य नाही. ते मोजतात आणि सांगतात, एवढाच फरक. आपल्याकडे तर आता उलवे टेकडी कापून आणि दलदल भरून उभा केलेला विमानतळ शेजारीच आहे. भरावावर बांधकाम कसं करतात हे शिकायला आपल्या अभियंत्यांना जपानला जायची गरज नाही.

मोजणं महागही नाही. लोखंडी प्लेटवर उभी सळई लावून ती भरावाखाली ठेवायची, लेव्हल आणि स्टाफ घेऊन दर महिन्याला तिचं टोक वाचायचं. मातीतल्या पाण्याचा दाब मोजायला काही पिझोमीटर. एक पथ्य मात्र पाळा: बेंचमार्क, म्हणजे जिच्यावरून पातळी मोजायची ती स्थिर खूण, खडकावर हवा, पारसिक डोंगराच्या बाजूला कुठेही चालेल. गटाराच्या कठड्यावर लाल रंगाने फुली मारून तिला बेंचमार्क म्हणणं बंद करा. तो कठडाही भरावावरच आहे. तोही आमच्याबरोबर खाली जातो आणि कागदावर फरक शून्य येतो. आमच्या नोडमधला सर्व्हे तसाच झाला आहे, मी तो कठडा पाहिला आहे.

आमच्या मागण्या अशा:

शाळेच्या भूखंडावर पाइलिंग सुरू करण्याआधी चिकणमातीची दृढीकरण चाचणी, म्हणजे तीच कड्यातल्या चकतीची, करून घ्या, निदान चार-पाच ठिकाणच्या नमुन्यांवर. खचणं किती आणि किती महिन्यांत, याचा हिशेब स्वतंत्र भू-तांत्रिक सल्लागाराकडून तपासून घ्या. गरज निघाली तर निचरा-पट्ट्या आणि तात्पुरता भराव घालून जमीन आधी बसवून घ्या. तोवर मुलांसाठी बस द्या. एक बस ही फार मोठी मागणी नाही.

राडारोड्याचा भराव काढा. त्यातल्या पोकळ्या वेगळ्याच तऱ्हेने बसतात, त्यांचा हिशेब कुठल्याच चाचणीत येत नाही.

भराव जमिनीवरच्या प्रत्येक मंजूर भूखंडाचा माती अहवाल आपल्या संकेतस्थळावर टाका. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात कलम ४ याचसाठी आहे. अर्ज, नकार, अपील, हा फेरा कशाला?

नोडमध्ये खडकावरच्या बेंचमार्कवरून पातळी मोजण्याच्या खुणा बसवा आणि दर तीन महिन्यांनी वाचन जाहीर करा. सुरुवातीला आमचं आवार घ्या, आम्ही जागा देतो आणि खुणांवर लक्ष ठेवतो.

नवीन परवानग्यांमध्ये इमारतीतून बाहेर पडणाऱ्या सांडपाणी, पाणी आणि गॅसच्या जोडण्या लवचीक सांध्यांच्या असाव्यात, ड्रेनेजचा उतार खचणं धरून जास्त द्यावा, अशी अट घाला. जुन्या सोसायट्यांच्या जोडण्या अशा करून देण्याचा खर्च प्राधिकरणाने उचलावा, कारण भराव टाकून भूखंड विकला तो प्राधिकरणाने. रस्त्याच्या कडेची फरसबंदी उचलताना खाली पुन्हा मुरूम भरू नका, हलका भराव वापरा, आणि आधी खचण्याचा वेग मोजून मग निविदा काढा.

तळघरासाठी पंप चालवण्याच्या परवानगीत शेजारच्या भूखंडांवर निरीक्षण विहिरी आणि पातळीच्या खुणा सक्तीच्या करा.

आणि परिपत्रकातलं ते कलम मागे घ्या. त्याच्या जागी भूखंडाच्या क्रमांकासमोर दोन आकडे छापा: अपेक्षित खचणं आणि त्याला लागणारा काळ. ते छापले की जबाबदारी कोणाची, हे आपण आणि आम्ही समोरासमोर बसून ठरवू.

ही बैठक पाइलिंगचं यंत्र भूखंडावर येण्याआधी हवी. आमच्या आणि लगतच्या सोसायट्यांचे पदाधिकारी येतील. आपल्याकडून माती अहवालावर सही करणारे सल्लागार यावेत, निव्वळ जनसंपर्क अधिकारी नकोत. अहवालाची पूर्ण प्रत, जोडपत्रांसकट, बैठकीच्या आठवडाभर आधी मिळाली तर प्रश्न आधी लिहून पाठवण्याची जबाबदारी माझी.

कळावे,

आपली,
एक सभासद, खाडीकाठच्या सोसायटीतली,
माती परीक्षण प्रयोगशाळेतून निवृत्त

प्रत: नोडमधील सर्व गृहनिर्माण सोसायट्यांचे नोटीस बोर्ड